अडलेल्या आठवणीला एक लुक्मा

रमजानमध्ये रात्री इशाची नमाज झाली की तरावीहच्या रांगा लागतात. राजूरसारखे डोंगराच्या कुशीतले बाजाराचे गाव असो की मुंबईतला गजबजलेला मोहल्ला, रीत एकच. पुढे उभा असलेला हाफिज, म्हणजे ज्याला संपूर्ण कुरआन तोंडपाठ आहे तो, हातात ग्रंथ न घेता एकेक आयत म्हणत जातो. कुरआनचे ३० पारे आहेत, ११४ सूरह आहेत आणि आयती सहा हजारांहून अधिक. रोज साधारण एक ते सव्वा पारा म्हणत पुष्कळ ठिकाणी सत्ताविसाव्या रात्री खत्म, म्हणजे समाप्ती होते. हा हाफिज अनेकदा विशीतला तरुण असतो आणि मागच्या रांगेत त्याच्या आजोबांच्या वयाची माणसे उभी असतात.

या रांगेत आणखी एक माणूस महत्त्वाचा असतो. तो बहुधा हाफिजच्या अगदी पाठीमागे उभा राहतो आणि त्यालाही कुरआन पाठ असते. त्याला ‘सामे’ म्हणतात, म्हणजे ऐकणारा. पुढचा हाफिज अडखळला, एखादा शब्द सुचेना, तर हा मागून पुढचे एक-दोन शब्द म्हणतो आणि गाडी पुन्हा रुळावर येते. याला ‘लुक्मा देणे’ म्हणतात. लुक्मा म्हणजे घास. अडलेल्याला आठवणीचा एक घास भरवायचा, इतका साधा त्याचा अर्थ.

पाठांतर ही एकट्याची करामत आहे, असे बाहेरून वाटते. प्रत्यक्षात हिफ्जच्या परंपरेने चौदा शतके ती कधीच एकट्यावर सोडली नाही. ऐकणारा कायम सोबत ठेवला.

कधी कधी रमजान आणि दहावी-बारावीच्या परीक्षा एकाच सुमारास येतात. राजूरला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातली कितीतरी मुले आश्रमशाळांत आणि वसतिगृहांत राहून शिकतात. त्यांच्या हातात पुस्तके आहेत, भिंतीवर वेळापत्रक आहे आणि मनात एकच धास्ती आहे : ‘पाठ केलेले ऐनवेळी आठवेल ना?’ त्याच वेळी अनेक घरांत एक वेगळी धास्ती गुपचूप वावरते आहे. आजी चष्मा कुठे ठेवला ते विसरते. आजोबांना शेजाऱ्याच्या मुलाचे नाव चटकन सुचत नाही. घरचे हसून म्हणतात, ‘जाऊ द्या, आता वय झालं.’

सोळा वर्षांच्या मुलीची धास्ती आणि सत्तर वर्षांच्या आजीची धास्ती या दोहोंच्या तळाशी एकच प्रश्न आहे. स्मरणशक्ती ही जन्माबरोबर मिळालेली ठेव आहे, की शिकता येणारी कला? आणि कला असेल, तर ती कोणत्या वयापर्यंत शिकता येते?

हिफ्जच्या वर्गात काय चालते?

मदरशात हिफ्ज करणाऱ्या मुलाच्या दिवसाचे ढोबळमानाने तीन भाग असतात. पहिला ‘सबक’, म्हणजे आजचा नवा धडा. तो लहान असतो, कधी पाच-सात ओळी, कधी एक पान. दुसरा ‘सबकी’, म्हणजे गेल्या काही दिवसांत पाठ झालेला भाग. तिसरा ‘आमुख्ता’, म्हणजे महिन्या-वर्षांपूर्वी पाठ केलेला जुना भाग, जो ठरावीक पाळीने पुन्हा म्हणून दाखवायचा. तिन्ही धडे उस्तादांसमोर पुस्तक मिटून म्हणायचे असतात. नव्याइतकाच, किंबहुना नव्याहून अधिक वेळ जुन्याला जातो. कारण हिफ्ज करणे अवघड आणि टिकवणे त्याहून अवघड, हे या वर्गात पहिल्या दिवसापासून ठाऊक असते.

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून विसरण्याचा आलेख मांडला. शिकलेले पहिल्या काही तासांत झपाट्याने गळते, मग गळती मंदावते. अधूनमधून उजळणी केली, तर प्रत्येक खेपेस कमी कष्टात ते पुन्हा पक्के होते. सबक, सबकी आणि आमुख्ता ही त्रयी नेमकी याच गळतीवर बांधलेली बंधारावजा रचना आहे.

दुसरी गोष्ट पानाची. भारतात हिफ्जसाठी बरेच विद्यार्थी ‘हाफिजी कुरआन’ वापरतात. त्याच्या प्रत्येक पानावर ठरावीक ओळी असतात आणि पान आयतीच्या शेवटाशीच संपते. विद्यार्थी शक्यतो शेवटपर्यंत त्याच छपाईची प्रत वापरतो. त्यामुळे एखादी आयत उजव्या पानावर, वरून तिसऱ्या ओळीत आहे, हे त्याच्या डोळ्यांना पाठ होते. प्रत बदलली की पक्का हाफिजही गडबडतो. शब्दांना जागा मिळाली की ते सापडायला सोपे जातात.

तिसरी गोष्ट अडचणीची आहे. कुरआनमध्ये काही आयती एकमेकींशी फार मिळत्याजुळत्या आहेत. एका ठिकाणाहून सुरुवात करून हाफिज नकळत दुसऱ्याच सूरहमध्ये जाऊन पोहोचतो. हाफिजांच्या बोलीत अशा जागांना ‘मुतशाबिहात’ म्हणतात आणि उस्ताद त्या शेजारी शेजारी ठेवून त्यांतला फरक मुद्दाम पाठ करून घेतात. विसरण्याचे एक मोठे कारण सारख्या दिसणाऱ्या आठवणींची आपसांतली धक्काबुक्की हे असते, हे मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

हीच वाट इतरांचीही

ही कला एकाच समाजाच्या घरची नाही. वेदपाठशाळेत शिकणारा विद्यार्थी मंत्र सरळ म्हणतोच, शिवाय शब्दांच्या जोड्या करून, उलटसुलट फिरवूनही म्हणतो. जटापाठात पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पुन्हा पहिला-दुसरा असा क्रम चालतो. घनपाठात ही वीण आणखी दाट होते. एखादा शब्द गळला किंवा जागेवरून हलला, तर विणीत लगेच उसवण दिसते. याच अहिल्यानगर जिल्ह्याचे १९ वर्षांचे वेदमूर्ती देवव्रत महेश रेखे यांनी २०२५ च्या अखेरीस काशीत शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेतील सुमारे दोन हजार मंत्रांचे दंडक्रम पारायण ५० दिवसांत पूर्ण केले, तेव्हा देशभर त्याची चर्चा झाली.

ज्यांनी शाळेचे तोंड पाहिले नाही, त्यांच्या स्मरणाची गोष्ट याहून कमी नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या, तेव्हा त्यांची संख्या एक लाखावर गेली. त्या सांगणाऱ्या बायांपैकी कित्येकींना अक्षरओळख नव्हती. जात्याचा फिरता खुंटा, हाताची लय आणि समोर बसून दुसरी बाजू ओढणारी सोबतीण, एवढ्यावर ओवीला ओवी सुचत गेली. इथेही ऐकणारी समोर होती.

राजूरच्या परिसरात तर याचे जिवंत उदाहरण आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचे शालेय शिक्षण झालेले नाही. पण कुठले गावठी वाण कधी पेरायचे, त्याचे बी कसे राखायचे, त्याची चव आणि गुण काय, हे त्यांनी डोक्यात जपले आणि घरात बियाण्यांची बँक उभी केली. २०२० च्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. राजूरला भरणाऱ्या डांगी जनावरांच्या प्रदर्शनात गेलात, तर जनावराची शिंगे, खूर आणि रंग पाहून त्याची पारख करणारी जुनी माणसे भेटतात. ही माणसे चष्मा विसरत असतील, पण ज्या गोष्टी त्यांनी आयुष्यभर वापरल्या आणि इतरांना सांगितल्या, त्या जागच्या जागी आहेत.

प्रयोगशाळेने काय पाहिले?

मग प्रश्न उरतो नव्याचा. उतारवयात नवीन काही लक्षात ठेवायला शिकता येते का? यावर गेली चाळीस वर्षे जगभर प्रयोग झाले आहेत आणि त्यांचे उत्तर सरळ ‘हो’ किंवा ‘नाही’ असे नाही.

बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत पाउल बाल्टेस आणि राइनहोल्ड क्लीगल यांनी तरुण आणि ज्येष्ठ अशा दोन्ही गटांना एक प्राचीन युक्ती शिकवली. ओळखीच्या रस्त्यावरची ठिकाणे क्रमाने मनात आणायची आणि लक्षात ठेवायचा एकेक शब्द एकेका ठिकाणी चित्र करून ठेवायचा. ग्रीक-रोमन वक्ते लांबलचक भाषणे अशीच पाठ ठेवत. बर्लिनकरांना त्यांच्याच शहरातली परिचित ठिकाणे दिली गेली. सरावानंतर ज्येष्ठांची प्रगती थक्क करणारी होती. न शिकलेल्या तरुणालाही मागे टाकतील इतके शब्द ते सांगू लागले.

पण शिकलेले तरुण त्यांच्याही पुढे गेले. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या अभ्यासात ३८ सत्रे सराव घेतला, तरी एकाही ज्येष्ठाची कामगिरी शिकलेल्या तरुणांच्या सरासरीच्या वर गेली नाही. म्हणजे शिक्षणाने दोघेही वर चढले, पण दोघांमधले अंतर मिटले नाही, उलट वाढले. नवे चित्र मनात पटकन उभे करणे आणि दोन अनोळखी गोष्टींची गाठ घट्ट मारणे, ही कामे वयाबरोबर संथ होतात. हे मान्य करायला हवे.

तरुणांचा पल्ला किती लांब जातो, हे नेदरलँड्समधल्या मार्टिन ड्रेसलर आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले. स्मरणाचा काहीच विशेष सराव नसलेल्या तरुणांना ७२ शब्दांची यादी दिली, तेव्हा त्यांना सरासरी २६ शब्द आठवले. हीच जागांची युक्ती सहा आठवडे, रोज अर्धा तास शिकल्यावर ते सुमारे ६२ शब्द सांगू लागले. त्याआधी २००३ मध्ये लंडनमध्ये एलिनॉर मॅग्वायर यांनी स्मरणाच्या जागतिक स्पर्धांत चमकणाऱ्यांचा अभ्यास केला होता. त्यांची बुद्धिमत्ता किंवा मेंदूची घडण जगावेगळी नव्हती. त्यांच्यापैकी बहुतेक सगळे हीच युक्ती वापरत होते.

ज्येष्ठांवरचा एक मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. ‘अ‍ॅक्टिव्ह’ नावाच्या या अभ्यासात ६५ ते ९४ वयाच्या २,८३२ जणांची वाटणी झाली. काहींना स्मरणाच्या युक्त्या शिकवल्या, काहींना तर्काचे कोडे सोडवणे, काहींना नजरेने माहिती झटपट टिपणे, तर एका गटाला काहीच शिकवले नाही. वर्ग फक्त दहा होते. २००२ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा वर्ग संपताच ठळक सुधारणा दिसणाऱ्यांचे प्रमाण स्मरणाच्या गटात २६ टक्के, तर्काच्या गटात ७४ टक्के आणि वेगाच्या गटात ८७ टक्के होते. दहा वर्षांनी पुन्हा तपासले, तेव्हा तर्क आणि वेग यांचा लाभ टिकून होता, स्मरणाच्या चाचणीतला मात्र ओसरला होता. तरीही तिन्ही गटांतल्या ज्येष्ठांना रोजची कामे करताना, न शिकलेल्यांपेक्षा कमी अडचण जाणवत होती.

स्मरणाचाच लाभ का ओसरला? अशा अभ्यासांतून वारंवार दिसणारे एक कारण अगदी घरगुती आहे. वर्ग संपल्यावर लोकांनी ती युक्ती वापरणेच सोडले. आमुख्ता बंद पडला की हाफिजचेही हेच होते. दहा वर्गांनी कुणी आयुष्यभराचा हाफिज झालेला नाही.

‘वय झालं’ या दोन शब्दांचे वजन

२००१ मध्ये तमारा रहाल, लिन हॅशर आणि स्टॅनली कोलकोम यांनी एक साधा पण डोळे उघडणारा प्रयोग केला. तरुणांना आणि ज्येष्ठांना सामान्यज्ञानाची काही अपरिचित विधाने दाखवली आणि त्यांतली कोणती खरी, कोणती खोटी ते सांगितले. मग चाचणी घेतली. ज्यांना ‘ही तुमच्या स्मरणशक्तीची परीक्षा आहे’ असे बजावले, त्यांच्यात ज्येष्ठ तरुणांच्या मागे पडले. ज्यांच्यासमोर ‘स्मरण’ हा शब्द टाळला, त्यांच्यात तरुण आणि ज्येष्ठ यांच्यातला फरकच दिसला नाही. चाचणी तीच होती, फक्त सूचनेचे शब्द बदलले होते.

म्हणजे चारचौघांत हसत टाकलेला ‘वय झालं’ हा शेरा निरुपद्रवी नाही. तो ऐकणारा माणूस आठवण्याचा प्रयत्न अर्ध्यावर सोडतो. मग घरचे प्रेमापोटी एकेक काम काढून घेतात. किराण्याची यादी सून लिहिते, गोळ्यांची वेळ नातू सांगतो, फोन नंबर मोबाइल लक्षात ठेवतो, गावातल्या नात्यागोत्याबद्दल कुणी विचारतच नाही. सेवा म्हणून हे सुंदर आहे. पण आठवण्याची संधीच उरली नाही, तर आठवण गंजणार. हाफिजकडून तरावीह काढून घेतली, तर त्याचे कुरआन किती दिवस टिकेल?

परीक्षार्थींसाठी : पुस्तक मिटा आणि म्हणून दाखवा

तरुणांची चूक वेगळ्या टोकाची असते. त्यांना आपल्या स्मरणावर भलताच भरवसा असतो. धडा चार वेळा वाचला, रंगीत पेनाने ओळी खुणावल्या, सगळे ओळखीचे वाटू लागले की ‘झाला पाठ’ असे ते धरून चालतात. ओळखीचे वाटणे वेगळे आणि आठवणे वेगळे.

अमेरिकेतले हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदाच वाचला आणि नंतर तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के आठवले. परीक्षा पाच मिनिटांनी नसते, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.

म्हणून मदरशातली रीत वसतिगृहातही चालेल. आजचा नवा धडा थोडा, कालपरवाचा पुन्हा आणि महिन्यापूर्वीचा एखादा रोज. प्रत्येक वेळी पुस्तक मिटून. एकाने म्हणायचे, दुसऱ्याने पुस्तक उघडून ऐकायचे, मग अदलाबदल. सारखी दिसणारी सूत्रे, सनावळ्या, व्याख्या यांच्या जोड्या समोरासमोर मांडून फरक पक्का करायचा.

रोजा ठेवणाऱ्या मुलामुलींनी झोपेकडे विशेष लक्ष द्यावे. दिवसभरात शिकलेले पक्के करण्याचे मोठे काम मेंदू झोपेत करतो. तरावीहनंतर गप्पा आणि पहाटे सहरी, यांत झोप तुटते. दुपारची छोटी झोप, जिला ‘कैलूला’ म्हणतात, ती प्रेषितांच्या काळापासून चालत आलेली रीत आहे. ती मोबाइल पाहण्यात घालवू नये.

ज्येष्ठांसाठी : आपल्याच गावातून एक फेरी

बर्लिनची युक्ती राजूरमध्ये करून पाहायला काहीच खर्च नाही. डोळे मिटा आणि रोजच्या वाटेने मनातल्या मनात निघा. एसटी स्थानक, बाजारतळ, शाळेचे फाटक, पोलीस ठाणे, ग्रामीण रुग्णालय. आपल्या पायांना जो क्रम सवयीचा आहे, तोच घ्यावा. आता ईदच्या खरेदीची यादी त्या वाटेवर मांडा. एसटीच्या खिडक्यांतून शेवया लोंबत आहेत. बाजारतळावर दुधाचा पूर आला आहे. शाळेच्या फाटकावर तुपाचा डबा राखणदार म्हणून उभा आहे. पोलीस ठाण्यात खजुराचे पोते तक्रार लिहून देत आहे. रुग्णालयातल्या खाटेवर चारोळीची पुडी पांघरूण घेऊन निजली आहे. चित्र जितके विचित्र, तितके ते चिकटते. बाजारात गेल्यावर तीच वाट पुन्हा चालायची आणि एकेक वस्तू उचलत जायचे. यादी खिशात असू द्या, पण ती शेवटी फक्त पडताळण्यासाठी काढा. मग ही फेरी आठवड्यातून दोनदा तरी काही ना काही निमित्ताने करा, नाहीतर तीही विसरेल.

ज्यांना चित्रे उभी करणे जड जाते, त्यांच्यासाठी याहून सोपी वाट आहे. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ज्येष्ठांच्या एका गटाला नुसत्या युक्त्या शिकवल्या, तर दुसऱ्याला स्वतःची परीक्षा घ्यायलाही शिकवले. काय आठवते, काय नाही ते आधी तपासायचे आणि जे निसटले त्यालाच पुन्हा वेळ द्यायचा. दुसऱ्या गटाची प्रगती अधिक झाली. नवीन सुनेच्या माहेरच्या चार माणसांची नावे, नव्या डॉक्टरांचे नाव, बँकेतला नवा नियम, या सगळ्याला ही रीत लागू पडते. ऐकले की लगेच एकदा म्हणायचे, मिनिटाने पुन्हा, पाच मिनिटांनी पुन्हा, मग रात्री जेवताना, मग उद्या सकाळी. दोन आठवणींमधले अंतर हळूहळू वाढवत न्यायचे. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीच्या रुग्णांनाही या पद्धतीने नाव किंवा खोलीची वाट शिकवता येते, असा अनुभव आहे.

औषधांचे काय? लिंडा लिऊ आणि डेनिस पार्क यांनी २००४ मध्ये ज्येष्ठांना घरी रक्तातली साखर ठरल्या वेळी तपासायला सांगितले. ज्यांनी ‘कुठे, केव्हा, कशानंतर’ हे आधी स्पष्ट ठरवून ते करतानाचे चित्र मनात आणले, त्यांच्या तपासण्या इतरांपेक्षा ठळकपणे कमी चुकल्या. रमजानमध्ये गोळ्यांच्या वेळा सहरी आणि इफ्तारकडे सरकतात आणि नेमकी तिथेच गफलत होते. ‘संध्याकाळी गोळी घ्यायची’ असे ठरवण्याऐवजी ‘खजूर खाल्ला, पाण्याचा घोट घेतला की डाव्या हाताच्या डबीतली गोळी’ अशी गाठ बांधावी. अर्थात गोळीची वेळ बदलायची की नाही आणि रोजा ठेवायचा की नाही, हे मधुमेह किंवा रक्तदाबाच्या रुग्णांनी आधी डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. आजाऱ्याला रोज्यातून सवलत आहेच.

विसरणे कधी आजार असते?

युक्त्यांचा गाजावाजा करताना एक मर्यादा विसरून चालणार नाही. नाव उशिरा सुचणे हे वयाचे लक्षण असू शकते. पण ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणे, पाच मिनिटांपूर्वी विचारलेलेच पुन्हा पुन्हा विचारणे, पैशांचा रोजचा हिशेब अचानक न जमणे, नेहमीचा स्वयंपाक करताना पायऱ्या चुकणे, स्वभाव एकदम बदलणे, ही वेगळी लक्षणे आहेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय अभ्यासाच्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळपास ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश आहे. पाठांतराने हा आजार बरा होत नाही. पण विसरभोळेपणाच्या मागे कधी थायरॉइड, कधी ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, कधी मनाची उदासी, तर कधी कमी ऐकू येणे असते आणि त्यांवर उपाय आहेत. ‘वय झालं’ म्हणत गप्प बसल्याने बरे होऊ शकणारे दुखणेही अंगावर निघते.

लुक्मा देण्याची रीत

तरावीहमध्ये लुक्मा देण्याचे काही अदब आहेत. हाफिज अडखळला की मागच्याने लगेच घाई करायची नसते. त्याला क्षणभर थांबू द्यायचे, मागची आयत पुन्हा म्हणून स्वतःच वाट शोधू द्यायची. नाहीच सापडली, तर एक-दोन शब्द द्यायचे, अख्खी आयत म्हणून मोकळे व्हायचे नाही. द्यायचे ते एकाने, स्पष्ट आवाजात. चार बाजूंनी चौघांनी ओरडले, तर जे आठवत होते तेही जाते. आणि नमाज संपल्यावर त्या चुकीवरून कुणी हाफिजची थट्टा करत नाही, कारण पुढच्या रात्री तोच पुन्हा पुढे उभा राहणार असतो.

ईदला घराघरांत माणसे येतील. शेवयांच्या वाट्या फिरतील. शेजारचे पाटीलकाका येतील, आजीच्या माहेरचे कुणी येईल आणि आजी त्याच्याकडे पाहून म्हणेल, ‘अगं, हा तो आपल्या... काय बरं नाव...’ त्या वेळी तिच्या तोंडातले वाक्य कुणी ओढून घेऊ नये. थोडे थांबावे. मग पहिले अक्षर द्यावे. तेही पुरले नाही, तर गाव सांगावे, वडिलांचे नाव सांगावे. आणि नाव तिच्याच तोंडून येऊ द्यावे. दहावीच्या नातीने दुपारी आजीजवळ बसून इतिहासाचा धडा पुस्तक मिटून म्हणून दाखवावा आणि आजीला वाचता येत नसेल, तर फक्त ‘मग पुढे काय झालं?’ एवढे विचारू द्यावे. बदल्यात आजीकडून घरातल्या चार पिढ्यांची नावे किंवा जात्यावरची एखादी ओवी म्हणून घ्यावी आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा म्हणायला सांगावी.